परखी न लावलेलं पोतं

नाना वरचं काही घेत नसत. कोपऱ्यावर पेपर आणायला गेले की गठ्ठ्यातला चौथा-पाचवा ओढून काढणार. लग्नाच्या पंगतीत वाढणारा जिलेबीचं ताट घेऊन आला की त्याला थांबवून तळाची मागणार. केळीच्या गाडीवर तर ते सरळ ढिगाच्या पोटात हात घालत. गाडीवाला वैतागून म्हणे, "नाना, बठ्ठा केळा सारखाच शेत!" त्यावर नाना शांतपणे म्हणत, "सारखाच शेत ना? मंग खालना दे." गाडीवाला मग खालचा फणा ओढून काढी. अक्का, म्हणजे नानांच्या घरच्या, हे ऐकलं की लग्नाआधीच्या बघण्याच्या कार्यक्रमावरून हमखास टोमणा मारत, "माले देखाले वनात तव्हय मात्र वरवर देखीसनच हो म्हनी गयात." नाना हसत आणि तोंडासमोर पेपर धरत.

ही खोड त्यांना धंद्याने लावली होती. जळगावच्या एका डाळ मिलमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं आलेल्या मालाचे नमुने काढले. तुरीची, हरभऱ्याची गाडी आली की नाना परखी घेऊन पुढे होत. परखी म्हणजे हातभर लांबीची, टोकदार, पन्हाळीसारखी पोकळ लोखंडी सळई. ती पोत्याच्या पोटात खुपसली की मधला माल तिच्यातून ओघळून तळहातावर येतो. नाना त्यातला एक दाणा दाताखाली फोडत, ओल किती ते सांगत, आणि मगच पोतं आत जाई. वरच्या मुठीकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. "वरनी मूठ बठ्ठासनी चांगली ऱ्हास," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही ते मला त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

पस्तीस वर्षांत परखी न लावता त्यांनी एकाच माणसाचा माल आत घेतला. पारोळ्याकडचे कुणी एक आबा होते. गाडी उभी राहिली की हे आबा स्वतःच खाली उतरून सांगत, "नाना, या सातव्या पोत्यात ओल आहे आणि त्या कोपऱ्यातल्यात खडे आहेत. बाकीचं बरं आहे." नाना त्यांच्या पोत्यांना 'घरचं पोतं' म्हणत. शेटजींनी एकदा कुरकुर केली, तेव्हा नाना म्हणाले होते की जो आपली खोट आधी सांगतो त्याच्या पोत्यात सळई खुपसायची मला लाज वाटते. ही गोष्ट नानांनी मला निदान चार वेळा सांगितली असेल. चारही वेळा मी ती अर्ध्या कानाने ऐकली.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेले ती विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाल्यावर. मेहरूणमध्ये त्यांचं साधं घर होतं, आणि गच्चीवर एक खोली. वडील मला घेऊन धुळ्याहून आले होते. त्यांनी पिशवीतून माझ्या गुणपत्रिका काढून कौतुकाने पुढे केल्या. नानांनी त्या न बघताच बाजूला ठेवल्या आणि मला विचारलं, "घरमा तुन्हं भांडण कोनासंगे व्हस?" मी गडबडून म्हणाले, आईशी. "मंग पहिलं कोन बोलस?" मी खरं ते सांगितलं, की आईच बोलते, मी दोन-दोन दिवस फुगून बसते. वडिलांचा चेहरा पडला. नाना मात्र आत वळून अक्कांना म्हणाले, "खरं बोलनी. दी टाक खोली." तेव्हापासून मी त्यांची 'धुळेवाली' झाले. माझं पाळण्यातलं नाव त्या घरात कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

मग ती साथ आली. पहिल्या टाळेबंदीत मी गावी होते, पण पुढच्या वर्षी प्रकल्पाचे प्रयोग पुरे करायचे म्हणून जळगावला परतले आणि नेमकी दुसरी लाट उसळली. खोलीतली मैत्रीण घरी निघून गेली. प्रयोगशाळा पुन्हा बंद झाली. गच्चीवर मी, खाली नाना-अक्का, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक फोन. नानांना तो सुरतच्या मुलाने घेऊन दिला होता. मिलच्या ग्रुपवर दिवसभर औषधं पडत. कांदा-मीठ खा, कापराची पुरचुंडी हुंगा, गरम पाण्यात अमुक टाका. नाना एकेक मेसेज चष्मा कपाळावर चढवून वाचत आणि मग त्यांचे ठरलेले प्रश्न सुरू होत. "हाऊ माल कोना शे? त्यानी सोता देखं का? कोन्या गावले?"

नाना हे नुसतं विचारून थांबत नसत, हे मात्र मला कौतुकाने सांगितलं पाहिजे. कांदा-मिठाने एक माणूस तासाभरात बरा झाल्याचा मेसेज मिलच्या मुनीमजींनी टाकला. नानांनी मुनीमजींना फोन लावला. त्यांना तो मेव्हण्याने पाठवला होता. मेव्हण्याला त्याच्या शेजाऱ्याने. शेजाऱ्याला दीपनगरच्या वीज केंद्रातल्या एका मित्राने. नानांनी त्या अनोळखी गृहस्थाचा नंबर मिळवून त्यांनाही गाठलं आणि मोठ्या अदबीने विचारलं की तो बरा झालेला माणूस कोणत्या गल्लीत राहतो. ते म्हणाले, "मला काय ठाऊक? मला तर जळगावच्या एका मुनीमजींकडून आला." त्या दिवशी नाना इतके हसले की अक्कांनी त्यांना पाणी आणून दिलं.

मीही हसले. मी कोण, तर विद्यापीठाची विद्यार्थिनी. हे असलं साध्या माणसांना फसवणारं, आपल्याला नव्हे, अशी माझी पक्की समजूत होती. त्याच सुमारास विभागातल्या एका सरांनी सगळ्या विद्यार्थ्यांना भरायला एक ऑनलाइन फॉर्म पाठवला. समाजमाध्यमांवर येणाऱ्या आरोग्याच्या माहितीवर तुम्ही किती विश्वास ठेवता? पुढे पाच गोल. मी 'फारसा ठेवत नाही' या गोलावर बोट टेकवलं आणि फॉर्म पाठवून दिला. आणि त्याच बैठकीत, अगदी त्याच बैठकीत, मी एक मेसेज पुढे पाठवला.

तो मेसेज पुष्कळांना आठवत असेल. रोज सकाळी खोल श्वास घेऊन दहा सेकंद रोखून धरा, खोकला आला नाही तर तुमची फुप्फुसं स्वच्छ आहेत, संसर्ग नाही. मला तो मैत्रिणींच्या ग्रुपवर इंग्रजीत आला होता. भाषा रुबाबदार होती, एका मोठ्या डॉक्टरांचा हवाला होता, आणि आम्ही वर्गातल्या साऱ्याजणींनी तो वाचून माना डोलावल्या होत्या. एकीनेही हे कुठून आलं असं विचारलं नाही. एकमेकींनी पाठवलेलं होतं, एवढं आम्हाला पुरलं. पुढे ढकललेल्या मेसेजवर तसा शिक्का उमटतो, तो मला कमीपणाचा वाटला. म्हणून मी तो बसून छान मराठीत उतरवला, स्वतः टाइप केला, आणि खाली माझं नाव घालून लिहिलं, 'एम.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र'. पदवी अजून हातात पडायची होती. घरच्या ग्रुपवर टाकला, शाळेच्या मैत्रिणींना टाकला, धुळ्याच्या मावश्यांना टाकला. आणि नानांना टाकला.

नानांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट जरा बरंच वाटलं.

एप्रिलचं ऊन तापायला लागलं होतं. अक्कांनी ज्वारीच्या चिकाचे बिबडे, म्हणजे पापड, घालून गच्चीवर वाळत टाकले होते, आणि कावळे हाकलायला सकाळी नाना काठी घेऊन माझ्या खोलीसमोर बसत. एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर नाना ओठ घट्ट मिटून मनगटावरच्या घड्याळाकडे टक लावून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी श्वास सोडला, समाधानाने मान हलवली, आणि मग खोकले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जिना चढताना ते मध्येच थांबून कठड्याला धरून उभे राहिले. मी दारातूनच विचारलं, "नाना, बरं नाही का?"

"ताप शे जराखा. पाच दिवस व्हयनात."

"पाच दिवस! मग तपासणी केली नाही?"

"तुन्ही परीक्षा दी राहिनू ना," नाना हसून म्हणाले. "रोज पास."

त्या क्षणी मी आयुष्यात पहिल्यांदा नानांचा प्रश्न स्वतःला विचारला, की हा माल कोणाचा? आणि मला उत्तर देता येईना. मैत्रिणीला तिच्या चुलत बहिणीकडून आला होता. बहिणीला कुठून, ते कुणालाच माहीत नव्हतं. ते मोठे डॉक्टर कोणत्या गावचे, त्यांनी हे कधी लिहिलं, मी शोधलंच नव्हतं. दोन वर्षं जंतूंची पुस्तकं वाचणाऱ्या मुलीला आजारी माणूस दहा सेकंद श्वास रोखू शकतो एवढं साधं सुचू नये, याची आजही मला शरम वाटते.

मी तशीच धावत कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. तिथल्या भल्या माणसाने स्वतःच्या घरचं, बोटाला लावून प्राणवायू मोजायचं यंत्र काढून दिलं. नानांच्या बोटावर त्याने ऐंशीच्या आतबाहेरचा आकडा दाखवला. अक्का म्हणाल्या, "पन ते तर पास व्हतंत ना?" मी रिक्षा आणायला धावले. रिक्षात बसवताना नानांचे ओठ निळसर दिसत होते आणि तरीही ते मला अक्कांसाठी पाण्याची बाटली घे म्हणून खुणावत होते. सरकारी दवाखान्यात दुपारपर्यंत बाकावर ताटकळल्यावर खाट मिळाली. दारातून आत नेताना त्यांनी मागे वळून पाहिलं. यानंतर हा माणूस आपल्याला दिसेल की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. आणि दिसला नाही तर का, हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

अकरा दिवस ते प्राणवायूवर होते. मी आणि अक्का रोज डबा घेऊन जायचो आणि आवारातल्या निंबाखाली बसून राहायचो. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. मी अक्कांना सगळं सांगितलं, की तो मेसेज मी न तपासता लिहिला, वर माझं नाव घालून लिहिला. मला वाटलं होतं त्या चिडतील, रडतील. त्यांनी डब्याचं झाकण पुसून पुसून लख्ख केलं आणि म्हणाल्या, "माले सांगीसन काय? त्यास्ले सांग." एवढंच. पुढे त्यांनी पूर्वीसारखीच अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

नाना बोलायच्या स्थितीत आल्यावर मी फोनवर सांगितलं. पलीकडून घरघरीतून त्यांचा आवाज आला, थकलेला, पण स्वच्छ. "तुन्हा माल व्हता, म्हनीन परखी लाई नही." जरा दम घेऊन पुढे म्हणाले, "घरनं पोतं म्हनीसन सोडी दिन्हं. चूक मन्हीबी शे." त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी हलकी झाले असते. पण त्यांनी चूक वाटून घेतली आणि मी फोन हातात धरून ढसाढसा रडले.

ते घरी आले, आणि खाटेला टेकून बसता येऊ लागलं त्या दिवशीच त्यांनी मला खाली बोलावलं. म्हणाले, मिलमध्ये खराब पोतं चुकून आत गेलं की नमुनेवाल्याने स्वतः आत जाऊन ते परत काढायचं असतं, दुसऱ्याला पाठवायचं नसतं. त्यांनी तो मेसेज मिलच्या हमालांना फोनवरून 'आमच्या धुळेवालीचा आहे' म्हणून वाचून दाखवला होता. आता ते त्या प्रत्येकाला फोन करणार होते आणि मीही माझ्या प्रत्येकाला करायचा होता. मी म्हणाले, ग्रुपवर दुरुस्ती लिहून टाकते, एका मिनिटाचं काम. नानांनी मान हलवली. "लिखीसन टाकशी ते परत वरनीच मूठ. तोंडवरी सांग."

दोन दिवस आम्ही दोघं समोरासमोर बसून फोन करत होतो. तिकडे नाना धापा टाकत एकेका हमालाला सांगत होते, "ते दहा सेकंदनं खोटं शे रे भाऊ. मी सोता पास व्हतू आनि मरता मरता वाचनू." इकडे मी. एकेचाळीस जणांना मी सांगितलं की मी न तपासता लिहिलं, ते चुकीचं आहे, श्वासावर जाऊ नका, ताप असेल तर तपासून घ्या. काहीजण हसले. शाळेतली एक मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढं काय, सगळेच पाठवतात." एका काकांनी तर मलाच समजावलं की तो उपाय खरा आहे, विद्यापीठातल्या कुणा मुलीने लिहिलाय. आणि धुळ्याची धाकटी मावशी हळूच म्हणाली, "तुझे काका चार दिवस झाले रोज धरताहेत श्वास." काका त्याच दुपारी तपासायला गेले, वेळेवर औषध सुरू झालं आणि ते घरच्या घरी बरे झाले. मावशीचा फोन ठेवला तेव्हा नानांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

त्यानंतर मात्र माझ्या प्रत्येक वाक्याला परखी लागू लागली. लसीचं सांगितलं तर, "हाऊ माल कोना शे?" उद्या पाणी येणार नाही म्हटलं तर, "कोन सांगं?" मला तो हक्काने मिळालेला दंड वाटे, आणि खरं सांगायचं तर त्याच दंडाने मला शिकवलं. माझ्या प्रबंधात एकही ओळ अशी नाही जिच्याखाली नानांचा प्रश्न मी विचारलेला नाही. पुढे मला धुळ्याच्या एका महाविद्यालयात नोकरी लागली. आज माझ्यासमोर बसणारी पोरं माझ्यासारखीच आहेत, हुशार आणि निर्धास्त. पहिल्या तासाला मी त्यांना माझा तो मेसेज वाचून दाखवते. खालच्या माझ्या नावासकट. आधी वर्ग हसतो. मग मी नानांचं सांगते.

नानांशी फोनवर बोलणं होत राहिलं. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि ते शस्त्रक्रियेला तयार होईनात. मुलाने सांगून पाहिलं, डॉक्टरांनी समजावलं. नाना प्रत्येकाची उलटतपासणी घेऊन त्याला परत पाठवत. शेवटी अक्कांनी मला गळ घातली. मी फोन केला. ठरल्याप्रमाणे प्रश्न आला, "हाऊ माल कोना शे?" मी म्हणाले, "नाना, आईची शस्त्रक्रिया मी स्वतः पाहिलीय. तिला आता पेपर वाचता येतो. पण महिनाभर डोळ्यातून पाणी येत होतं, ठणकतही होतं, ते डॉक्टरांनी आधी सांगितलं नव्हतं. तेही तुम्हाला सांगून ठेवते." पलीकडून नुसतं "हं" आलं आणि फोन बंद झाला. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाल्याचं कळलं. शेवटी मुलाने हट्टाने नेलं असेल, असं मी समजले.

या उन्हाळ्यात एका दुपारी आम्हा जुन्या भाडेकरूंच्या ग्रुपवर नानांचा फोटो आला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी पाहीपर्यंत आठ-नऊ जणांनी हात जोडले होते. माझं बोटही त्या जोडलेल्या हातांवर गेलं होतं, ते मी मागे घेतलं. हा माल कोणाचा? ज्याने टाकला तो पुण्यात राहतो. त्याने स्वतः पाहिलं का? मी नानांचाच नंबर लावला. घंटी वाजत राहिली. नानांनी सांगितलेलं इतकं सगळं खरं निघालं होतं, पण या एका पोत्यात खोट निघावी म्हणून मी देवाची करुणा भाकत होते.

फोन अक्कांनी उचलला.

"खरं शे, पोरी," त्या म्हणाल्या. "जेवन करीसन आडवा पडनात, ते उठनातच नही." मग म्हणाल्या, "बठ्ठा नुस्ता हात जोडी राहिनात. फोन तुन्हाच पहिला वना."

अक्का बोलत राहिल्या, नानांना काहीच त्रास झाला नाही, सकाळी त्यांनी नवीन डोळ्यांनी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. मी कसंबसं म्हणाले, बरं झालं मुलाने ती शस्त्रक्रिया करवून घेतली.

"पोऱ्यानी कोठे?" अक्का म्हणाल्या. "तुन्हा फोन ठेवा आनि माले म्हनतस, कपडा भर पिशवीमा. मी म्हनं, आते काही इचारनं नही का कोनले? ते म्हनतस, धुळेवालीनं पोतं शे. परखी लाऊ नका."

डोळे पुसून मी ग्रुप उघडला आणि सगळ्यांच्या जोडलेल्या हातांखाली लिहिलं, 'अक्कांशी बोलले आहे. खरं आहे.'